'विंड' की 'वाइंड'? वाऱ्याच्या इंग्रजी शब्दांवर गाडी अडते तेव्हा

मी ध्वनिमुद्रणासाठी इंग्रजी संहिता वाचतो आणि इतरांनी वाचलेल्या तपासतोही. हवामान, जहाजं, पवनचक्क्या, प्रथमोपचार अशा विषयांच्या संहितांत एक चूक इतकी नेमाने येते की ती यायच्या आधीच माझा हात पॉजच्या बटणावर गेलेला असतो. डब्ल्यू-आय-एन-डी, ही चार अक्षरं. वाचणारा 'विंड' म्हणतो, पुढच्या दोन शब्दांत त्याला कळतं की इथे 'वाइंड' हवं होतं. तो थांबतो, 'सॉरी' म्हणतो, पुन्हा वाचतो आणि पुढच्या परिच्छेदात नेमका उलटा घोळ घालतो. मीही यातून सुटलेलो नाही. बँडेज बांधायच्या एका सूचनेत मी ऐकणाऱ्यांना जखमेला वारा घालायला सांगून मोकळा झालो होतो. ते तपासणाऱ्याच्या कानावरूनही निसटलं.

यात जिभेचा दोष नाही, हे आधी सांगतो, कारण बरेच जण 'माझे उच्चारच कच्चे आहेत' म्हणून खट्टू होतात. हीच माणसं एरवी 'मोटारचं वाइंडिंग जळलं' म्हणतात, 'कॅसेट रिवाइंड केली' म्हणतात. 'विंडिंग जळलं' असं कोणी म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. 'विंडमिल' आणि 'विंडशील्ड'ही सगळे बरोबर म्हणतात. जे शब्द कानाने शिकलो ते शाबूत आहेत. जे पहिल्यांदा डोळ्यांना भेटले तिथेच घोटाळा होतो.

दोन उच्चार नाहीत, दोन शब्द आहेत

'एकाच शब्दाचे दोन उच्चार' असं मनात धरलं की प्रत्येक वेळी नाणं उडवल्यासारखं होतं. मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत आणि योगायोगाने दोघांचं स्पेलिंग एक झालं आहे.

पहिला 'विंड', म्हणजे वारा. हा आपला लांबचा नातेवाईक आहे. संस्कृतातले वात आणि वायू ज्या प्राचीन धातूपासून आले, त्याच मुळापासून हाही आला. लॅटिनमध्ये त्याचं रूप 'व्हेंटुस', त्यावरून 'व्हेंटिलेशन'.

दुसरा 'वाइंड', म्हणजे गुंडाळणे, पीळ देणे, वळसे घेत जाणे. 'वाँडर', म्हणजे भटकणे, हा त्याच्या नात्यातला. 'वेंड' हाही, म्हणजे वाट धरणे. या 'वेंड'चा भूतकाळ 'वेंट' पुढे 'गो'ने पळवला, म्हणून 'गो'चा भूतकाळ इतका विचित्र दिसतो. हे जाता जाता.

तेव्हा तोंड उघडण्याआधी त्या जागी मराठी शब्द ठेवून बघा. वारा, श्वास किंवा पोटातला वायू बसत असेल तर 'विंड'. गुंडाळणं, किल्ली देणं, वळणं घेणं बसत असेल तर 'वाइंड'. घड्याळाला किल्ली द्यायची ती 'वाइंड'. डोंगरातून वळत जाणारा रस्ता 'वाइंडिंग रोड'. दिवसभराचा शीण काढणं म्हणजे 'अनवाइंड'. बोलणं आवरतं घेणं 'वाइंड अप', आणि कंपनी कायमची बंद करायची प्रक्रिया 'वाइंडिंग अप'. मराठीतही आपण दोरा गुंडाळतो, धंदा गुंडाळतो आणि गाशाही गुंडाळतो, त्यामुळे हे ध्यानात ठेवायला सोपं आहे. फक्त ब्रिटिश बोलीतलं 'वाइंड अप' त्यात बसत नाही. एखाद्याला मुद्दाम खिजवण्यालाही ते तेच म्हणतात.

लक्षात ठेवायची खूण निवडताना मी एकदा फसलो होतो. वारा आणि वळण, दोन्ही 'व'चे, म्हणून त्यावर काहीतरी रचलं. पण 'वारा' म्हटलं की 'वा' तोंडात येतो आणि त्यामागून 'वाइंड' निघतं. ही खूण टाळा. त्यापेक्षा 'बाइंड'ला धरा. बांधणं आणि गुंडाळणं, दोन्ही हातांची कामं, दोघांचा स्वर एकच.

'बाइंड'ला धरल्याचा आणखी एक फायदा म्हणजे भूतकाळ फुकट मिळतो. बाइंड–बाउंड, फाइंड–फाउंड, ग्राइंड–ग्राउंड, तसं वाइंड–वाउंड. इथे मात्र दुसरा खड्डा आहे. 'वाउंड'चं स्पेलिंग आणि जखमेच्या 'वूंड'चं स्पेलिंग अक्षरशः एकच, डब्ल्यू-ओ-यू-एन-डी. प्रथमोपचाराच्या संहितेत हे दोघे एका वाक्यात भेटतात: 'द बँडेज वॉज वाउंड अराउंड द वूंड'. शेवटी '-एड' लागलेलं दिसलं तर डोळे मिटून 'वूंडेड' म्हणा, म्हणजे जखमी. 'वाइंड'चा भूतकाळ स्वर बदलून होतो, त्याला '-एड'ची गरज पडत नाही.

मग 'विंड' असा एकटा का पडला?

हा प्रश्न रास्त आहे. काइंड, माइंड, बाइंड, फाइंड, आणि मध्येच 'विंड'. जुन्या इंग्रजीत या सगळ्यांत ऱ्हस्व 'इ' किंवा त्याच्या जवळचा ऱ्हस्व स्वर होता. पुढे '-एनडी'च्या आधीचा स्वर लांबला, आणि साधारण पंधराव्या ते अठराव्या शतकात इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर जागा बदलू लागले तेव्हा त्या लांबलेल्या 'ई'चा 'आइ' झाला. वाऱ्याचा शब्दही या वाटेने निघाला होता. जुन्या कवींनी त्याचं यमक सर्रास 'माइंड' आणि 'काइंड'शी जुळवलेलं दिसतं. शेलीने १८१९ मध्ये पश्चिमेच्या वाऱ्यावर जी प्रसिद्ध कविता लिहिली, तिच्या शेवटीही 'बिहाइंड'शी त्याचं यमक आहे. पण रोजच्या बोलण्यात ऱ्हस्व उच्चार टिकला. 'विंडमिल', 'विंडी' अशा लांब शब्दांत स्वर आखूडच राहिला होता आणि त्यांनी मूळ शब्दालाही ओढून धरलं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

जुनी कविता वाचताना काय करायचं, असं मला विचारतात. मी 'विंड'च म्हणतो. यमक डोळ्यांना दिसतं, तेवढं पुरे. 'वाइंड' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं आपण चुकलो.

वरची कसोटी जिथे चालत नाही

'विंडलस' हा सगळ्यात खोडकर. जहाजाचा नांगर वर ओढायला दोर किंवा साखळी गुंडाळून घेणारं आडवं यंत्र म्हणजे विंडलस. काम गुंडाळण्याचं, शब्द स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतल्या 'गुंडाळण्याचा दांडा' या शब्दावरून आलेला, आणि उच्चार मात्र 'विंड'. याच्या अगदी उलट म्हणजे शिंग फुंकणं. जुन्या गोष्टींत शिकारी शिंग फुंकतो, तिथे हेच चार अक्षरांचं क्रियापद येतं. फुंकण्यात वारा आहे, शब्दही वाऱ्यावरूनच आला, तरी रूढ उच्चार 'वाइंड'. या दोघांना पाठ करण्यावाचून उपाय नाही.

'विंडेड' म्हणजे पोटात गुद्दा बसून किंवा धावून श्वास कोंडलेला. इथे '-एड' आहे आणि श्वासही आहे, म्हणून 'विंड'. 'लाँग-विंडेड' म्हणजे पाल्हाळ लावणारा, एका दमात न संपणारा. 'विंडो' कोणी चुकत नाही, पण त्याचा मूळ अर्थ 'वाऱ्याचा डोळा' असा आहे, तोही नॉर्समधूनच आलेला. भिंतीतल्या भोकाला याहून सुंदर नाव मला तरी माहीत नाही.

आता 'व' आणि 'झ'

इथे मात्र थोडा दोष आपल्या लिपीचाही आहे. इंग्रजीत डब्ल्यू आणि व्ही हे दोन वेगळे आवाज आहेत, आणि मराठीतला 'व' त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो. विशेषतः 'वि', 'वे' म्हणताना खालचा ओठ नकळत वरच्या दातांकडे सरकतो, म्हणून आपलं 'विंड' इंग्रजी कानाला व्हीकडे झुकलेलं ऐकू येतं. उपाय सोपा आहे. आधी 'ऊ' म्हणायला ओठांचा चंबू करा आणि त्यातूनच 'इंड' सोडा: 'ऊइंड'. हळूहळू वेग वाढवा. दातांना ओठ लागला नाही की जमलं. व्हीसाठी नेमकं उलटं, दात ओठाला टेकलाच पाहिजे.

सरावाला 'वेदर व्हेन' घ्या. वाऱ्याची दिशा दाखवणारा हा बाण म्हणताना दोन्ही हालचाली एकामागून एक कराव्या लागतात. 'व्हेन' उच्चाराचे तीन शब्द आहेत, दिशादर्शक, रक्तवाहिनी आणि गर्विष्ठ किंवा व्यर्थ. तिघांचं स्पेलिंग वेगळं, आवाज एकच, त्यामुळे तिथे डोकं शिणवू नका. डब्ल्यूने सुरू होणारा 'वेन' मात्र वेगळा, म्हणजे चंद्रासारखं क्षीण होत जाणं.

व्हीसाठी 'व्ह' लिहायची आपली पद्धत चांगली आहे, पण आपण डब्ल्यू-एचसाठीही तेच लिहितो: व्हाइट, व्हील, आणि वावटळीसाठी 'व्हर्लविंड'. त्यामुळे देवनागरीत लिहून घेतलेली संहिता 'व्ह'च्या बाबतीत भरवशाची नसते. 'व्हर्लविंड'मध्ये दोन्हीकडे ओठांचा चंबूच हवा.

'ब्रीझ'च्या 'झ'ची गंमत मराठी माणसालाच कळेल. 'माझा' म्हणा, मग 'माझी' म्हणा. दोन्हीकडे अक्षर एकच, आवाज दोन. 'ब्रीझ'ला 'माझा'च्या जवळचा हवा. पुढे 'इ' किंवा 'ए' आला की आपली जीभ सवयीने 'माझी'च्या झकडे जाते, म्हणून 'ब्रीझ' नीट म्हणणारे 'ब्रीझी'त घसरतात. मंद वाऱ्याच्या 'झेफर'चाही 'झेंडा'तला झ होतो. 'ब्रीझ' म्हणून जीभ तशीच ठेवा आणि पुढे 'ई' जोडा.

एका अक्षराने दुष्काळ

'ड्राफ्ट' आणि 'ड्राउट'. दाराच्या फटीतून येणारा गार झोत म्हणजे 'ड्राफ्ट', पण ब्रिटिश स्पेलिंगमध्ये शेवटी यू-जी-एच-टी असतं. अवर्षण म्हणजे 'ड्राउट', त्यातही तेच. फरक फक्त मधल्या अक्षराचा, पहिल्यात ए आणि दुसऱ्यात ओ. 'एअर'चा ए तो हवेचा झोत, एवढं धरलं की झालं. अमेरिकी स्पेलिंगमध्ये झोतही मसुद्याच्या ड्राफ्टसारखाच लिहितात, तिथे अडचणच नाही. घराबद्दलच्या मजकुरात 'या खोलीत दुष्काळ फार आहे' असं भाषांतर मी पाहिलं आहे, आणि ते करणारा माणूस अजिबात कच्चा नव्हता.

उच्चार बरोबर, अर्थ चुकीचा

भाषांतरात जास्त नुकसान इथे होतं. 'ब्रीझ' म्हणजे झुळूक, असं आपण शाळेत शिकलो. मग हवामानाच्या इशाऱ्यात 'स्ट्राँग ब्रीझ' आलं की 'जोरदार झुळूक' लिहिलं जातं. वाऱ्याचा जोर पायऱ्यांनी सांगणाऱ्या बोफर्ट मापनात ही पायरी सहावी आहे, ताशी ३९ ते ४९ किलोमीटर. या वाऱ्यात झाडांच्या मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री सांभाळणं मुश्कील होतं. झुळुकीत छत्री उलटी होत नाही.

फ्रान्सिस बोफर्ट हे ब्रिटिश नौदलातले अधिकारी. १८०५ मध्ये त्यांनी वाऱ्याच्या जोराच्या पायऱ्या आखल्या. त्यांचं नाव आपल्याकडे 'ब्यूफोर्ट' असं छापतात, ते 'बोफर्ट' हवं. (अमेरिकेत याच स्पेलिंगची दोन गावं आहेत. उत्तर कॅरोलायनातलं 'बोफर्ट', दक्षिण कॅरोलायनातलं 'ब्यूफर्ट'. तेव्हा चुकणाऱ्यांनी फार मनाला लावून घेऊ नये.) या मापनात 'ब्रीझ'ला एकूण पाच पायऱ्या आहेत, दुसरीपासून सहावीपर्यंत, म्हणजे ताशी ६ पासून ४९ किलोमीटरपर्यंत. दुसऱ्या पायरीला चेहऱ्यावर वारा जाणवतो आणि पानं सळसळतात. ही खरी झुळूक. पाचव्या पायरीला, ताशी २९ ते ३८ ला, पानांनी भरलेली लहान झाडं डोलू लागतात. तिथे मी सरळ 'वारा' लिहितो आणि सहाव्याला 'जोराचा वारा'.

'गेल' आठव्या पायरीवर, ताशी ६२ ते ७४ किलोमीटर. डहाळ्या मोडतात, वाऱ्याच्या तोंडाला चालणं जड जातं. याला 'वादळ' म्हणायचा मोह होतो, पण 'स्टॉर्म' अजून वर, दहाव्या पायरीवर आहे, ताशी ८९ च्या पुढे. 'गेल'ला 'सोसाट्याचा वारा' दिलात तर वादळ पुढच्यासाठी शिल्लक राहतं. 'हरिकेन' बाराव्या पायरीवर, ११८ पासून.

'गस्ट' आणि 'स्क्वॉल' दोन्हींना 'झोत' लिहिलं की वाचणाऱ्याला फरक कळत नाही. 'गस्ट' काही सेकंदांचा असतो, आला आणि गेला. 'स्क्वॉल'मध्ये वारा अचानक किमान १६ नॉटने वाढून २२ नॉट किंवा त्याहून वर जातो आणि निदान एक मिनिट तिथे टिकतो. नॉटमधला के मुका आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. चुकतं ते 'ताशी २० नॉट' लिहिण्यात. नॉट हाच वेग आहे, तासाला एक सागरी मैल, म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. 'ताशी' त्याच्या पोटातच आहे.

सायक्लोन, हरिकेन आणि टायफून यांत जातीचा फरक नाही, समुद्राचा आहे. अटलांटिक आणि ईशान्य पॅसिफिकमध्ये हरिकेन, वायव्य पॅसिफिकमध्ये टायफून, हिंदी महासागर आणि दक्षिण पॅसिफिकमध्ये सायक्लोन. ब्रिटिश 'हरिकन' म्हणतात, अमेरिकी 'हरिकेन', दोन्ही चालतं. 'सायक्लोन' शब्द हेन्री पिडिंग्टन यांनी कोलकात्यात १८४० च्या दशकात घडवला, सापाच्या वेटोळ्याच्या ग्रीक कल्पनेवरून. 'टॉर्नेडो'त जोर 'ने'वर द्या, 'टॉर'वर नाही. वारा मोजणाऱ्या 'ॲनिमॉमिटर'मध्ये तो 'मॉ'वर.

'वेस्टर्ली विंड' पश्चिमेकडून येतो, पश्चिमेकडे जात नाही. आपले नैऋत्य मोसमी वारे नैऋत्येकडूनच येतात, तेव्हा मराठी मनाला हे अवघड जाऊ नये. 'विंडवर्ड' म्हणजे वाऱ्याकडची बाजू, 'लीवर्ड' म्हणजे वाऱ्याआडची, डोंगरांच्या संदर्भात पर्जन्यछायेची. खलाशी हा दुसरा शब्द 'लूअर्ड' असा म्हणतात. जहाजावरचा संवाद वाचत असाल तरच तो वापरा. 'सी ब्रीझ' आणि 'लँड ब्रीझ'ला खारे वारे आणि मतलई वारे हे शाळेतले शब्द तयार असताना 'समुद्री झुळूक' का लिहितात, ते मला कळत नाही.

वाक्प्रचारांत 'गेट विंड ऑफ' म्हणजे कुणकुण लागणं, 'सेकंड विंड' म्हणजे दमल्यावर पुन्हा आलेला दम, 'विंडफॉल' म्हणजे वाऱ्याने पडलेलं फळ आणि त्यावरून घबाड. आणि 'ब्रेक विंड'चं भाषांतर 'वारा तोडणे' असं करू नका. त्याचा अर्थ वात सरणे.

वाचायला बसण्यापूर्वी

मी पेन्सिल घेऊन संहितेत ती चार अक्षरं शोधतो आणि प्रत्येकावर 'ह' किंवा 'गुं' लिहितो, हवा किंवा गुंडाळणे. पाच मिनिटं लागतात. उच्चार लिहीत नाही, अर्थ लिहितो, कारण वाचताना उच्चाराची खूण डोळ्यांना दिसेपर्यंत तोंड पुढे गेलेलं असतं.

मजकूर यंत्राकडून वाचून घेणार असाल तर तेही इथेच अडखळतं, विशेषतः वाक्य आखूड असलं की. तिथे पेन्सिलचा उपयोग नाही. 'वाइंड' हवं असेल त्या जागी मी आयऐवजी वाय घालून स्पेलिंग देतो, आणि माझ्याकडचं यंत्र मुकाट 'वाइंड' म्हणतं. त्याला ते जमतं, कारण डब्ल्यू-वाय-एन-डी हा खराच शब्द आहे. स्कॉटलंडमध्ये अरुंद गल्लीला 'वाइंड' म्हणतात, ते असंच लिहितात. फक्त ही प्रत चुकून उपशीर्षकांच्या माणसाकडे पाठवू नका. माझ्या हातून एकदा गेली होती, आणि पडद्यावर घड्याळाला किल्लीऐवजी गल्ली मिळाली.